डाव्या हाताचं पांढरं

आमच्या घरी त्याला वेगळं नाव नव्हतं. नुसतं पांढरं. "पांढरं हाये का, माय?" असं विचारत बाया अंगणात येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्या सासूबाई ओसरीवरून उठून आतली बाटली आणायच्या. मी नवी नवरी होते. बाटलीत ताक असेल असं समजून मी पहिल्याच आठवड्यात ते वाटीत ओतलं आणि नवऱ्याच्या ताटाजवळ ठेवलं. वासावरूनच त्यांनी वाटी दूर सारली. सासूबाई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या. मला काही हसू आलं नाही. माहेरी असलं काही नव्हतं, आणि ज्याला नाव नाही ते माणसानं ओळखायचं तरी कसं?

हे सगळं स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी, हिंगणघाटच्या अलीकडे वेणा नदीच्या काठावरच्या एका गावातलं. घर शेतकऱ्याचं, पीक मुख्यतः कापसाचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे, तिकडची तीच रीत. घरात आम्ही तिघंच होतो: आत्याबाई, माझा नवरा आणि मी.

ज्यानं कापूस वेचला आहे त्याला सांगायला नको, पण बाकीच्यांनी ऐकावं. बोंड उललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं कडक होतात आणि मधला कापूस ओढताना बोटांत शिरतात. नखांच्या मुळाशी चिरा पडतात. थंडी वाढली की त्या चिरा उलतात आणि रक्त येतं. त्यावर तेल लावावं तर तेलकट बोट कापसाला लागून डाग पडतो, शिवाय जवसाचं तेल बोटांवर चिकट होऊन बसतं. तसला डागाळलेला मूठभर कापूस व्यापाऱ्यानं हिंगणघाटच्या बाजारात वर उचलून धरला की सगळ्या बैलबंडीचा भाव पडतो. काहीच लावलं नाही तर कापसावर रक्ताचे ठिपके. म्हणून हे पांढरं. संध्याकाळी चोळलं की हातात जिरून जायचं, वर काही उरायचं नाही, आणि सकाळी बाया त्याच हातांनी वेचायला लागायच्या. उरलंसुरलं त्या केसांच्या टोकांना लावायच्या. दिवसभर उन्हाधुळीत राहून केसांचा पार झाडू व्हायचा, तो जरा नरम पडायचा.

त्यात होतं काय? जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी, बस. आपण पानाला लावतो तोच चुना. तो पाण्यात विरवायचा, पाणी स्थिर राहू द्यायचं, आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं. औषधाच्या मोठ्या बाटलीत जितकं तेल तितकी निवळी घालायची, बूच लावायचं आणि हलवायचं. पिवळं तेल आणि साधं पाणी, पण आत्याबाईंच्या हातात ते बघता बघता दाट पांढरं होऊन जाई. याला त्या 'जुळणं' म्हणत. आज जुळलं, आज जुळायला वेळ लागला, असं. जणू दोन घरांचं लग्न जुळवत होत्या.

आत्याबाई डावखुऱ्या होत्या. लहानपणी त्यासाठी त्यांनी पुष्कळ मार खाल्ला होता. डाव्या हातानं वाढायचं नाही, डाव्या हातानं दिवा लावायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही. सगळी शुभ कामं त्या उजव्या हातानं करायच्या आणि ती जरा वाकडीतिकडीच व्हायची. पांढरं मात्र त्या डाव्यानं हलवायच्या. त्या हाताला तेवढ्या एका कामाची मोकळीक होती. बाटली डाव्या हातात आली की त्यांचा चेहराच वेगळा व्हायचा. कपाळावरची आठी जायची.

मी एकदा विचारलं, "आत्याबाई, मले कवा शिकवता?"

"शिकवाचं काय त्याच्यात? हे हाताचं काम हाये," त्या म्हणाल्या. "एका घरात एकाच हाताले गुण राह्यते. माह्या सासूच्या हाताले होता. मले जुळलं, अन् त्याच साली सासू गेली." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले काऊन घाई झाली वं?"

त्या हसत होत्या. मी हसले की नाही ते आठवत नाही. असल्या गोष्टी खऱ्या मानायच्या की गमतीच्या, हे मला त्या घरात कधीच नीट कळलं नाही. आत्याबाई गंभीर चेहऱ्यानं थट्टा करत आणि हसत हसत खरं बोलत. त्यात नव्या सुनेनं कुठं उभं राहायचं?

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास, वेचणी तोंडावर आली असताना, त्यांना लकवा झाला. डावं अंग गेलं. जीभ शाबूत राहिली, आणि तिची धारही. पण डावा हात मांडीवर ठेवला तर तिथंच पडून राहायचा. त्यांची बाज ओसरीवर टाकली. शेतातून येणारा कापूस तिथंच, त्यांच्या उजव्या बाजूला रचला जायचा. दिवसभर त्या कापसाकडे आणि रस्त्याकडे पाहत पडून असायच्या.

वेचणी सुरू झाली आणि बाया अंगणात आल्या. "पांढरं हाये का, माय?" आत्याबाईंनी बाजेवरून मान वळवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले, नुकतंच आणलेलं तेल आणि निवळी बाटलीत घातली आणि हलवायला लागले. खूप हलवलं. बाटली खाली ठेवली, तर वर तेल आणि खाली पाणी, जसंच्या तसं. पुन्हा हलवलं. पुन्हा तसंच. बाहेरून आवाज आला, "जुळलं का वं?" मी म्हटलं, "नाई, आत्याबाई." मला वाटलं, त्यांनी श्वास सोडला. सुटका झाल्यासारखा सोडला की निराश होऊन, ते मला समजलं नाही.

त्यानंतर मी किती प्रकार केले याला काही सुमारच नाही. नवरा म्हणाले, "आईचं काम हाये, त्याले तेल चांगलंच पाह्यजे," आणि तेल्याच्या घाणीवरून ताजं, अजून कोमट असलेलं तेल आणू लागले. चुनाही नवा, पांढराशुभ्र. इतक्या चांगल्या वस्तू आत्याबाईंनी कधी वापरल्या नव्हत्या. तरी जुळेना. वेचणाऱ्या बायांची म्होरकी रानाकडच्या गोंड घरातली होती. ती आमच्याशी वऱ्हाडीत बोले आणि आपल्या मुलींशी तिच्या भाषेत. ती म्हणाली, "तुमी उजव्यानं हालवून राह्यल्या. डाव्यानं हालवा न." मी डाव्यानं हलवलं. बाटली दोनदा सुटली, पोलकं तेलात भिजलं, आणि बाटलीत तेल वर, पाणी खाली.

मग तिनंच बाभळीचा डिंक आणून दिला. डिंकाच्या पाण्यात तेल घालून घोटलं तर खरंच पांढरं झालं. मला आनंद झाला. पण ते हाताला लावून दुसऱ्या दिवशी वेचायला गेलेल्या बायांच्या बोटांना कापूसच चिकटून बसला. बोंडापासून कमरेच्या ओटीपर्यंत कापूस काही पोचेना. त्या रागावल्या नाहीत, हात दाखवून हसत सुटल्या. मग मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून पाहिलं. त्याचा घट्ट गोळा झाला, तेलकट. रिठ्याचं पाणी घातलं तर फेस आला आणि चिरांना असं झोंबलं की एका बाईनं मला तोंडावरच शिव्या दिल्या. बरोबरच दिल्या.

आणि या सगळ्यात माझं मन कुठं होतं? खरं सांगायचं तर दोन्हीकडे. बायांची बोटं पाहिली की वाटायचं, देवा, जुळू दे. आत्याबाईंकडे पाहिलं की वाटायचं, नको जुळू. त्या रोज विचारायच्या, "जुळलं का वं?" आणि मी "नाई" म्हटलं की जेवायच्या. मला त्यांची भीती वाटे, त्यांचा रागही येई, पण त्या घरात माझ्याशी दिवसभर बोलणारं माणूस तेच होतं. मला त्या हव्या होत्या. हातातली बाटली हलवताना मी कधी जोर लावत होते आणि कधी चोरत होते, ते माझं मलाच कळत नव्हतं.

मार्गशीर्षात तेल्याचा बैल लंगडा झाला आणि घाणी बंद पडली. नवरा बंडी घेऊन हिंगणघाटला गेले होते. दुपारी म्होरकी आली आणि तिनं हात पुढे केला. अंगठ्याची चीर हाडापर्यंत गेली की काय असं वाटत होतं. अंगठा वाकत नव्हता. ती म्हणाली, "उद्यापासून येणं होत नाई, बाई." तिच्यामागे तिच्या पोरी होत्या, आणि ती आली नाही तर त्याही येणार नव्हत्या.

मला संताप आला. कुणाचा, ते नाही सांगता येत. गोठ्यात बंडीच्या आखाला घालायला म्हणून जुनं जवसाचं तेल डब्यात ठेवलेलं असायचं. कधीचं कुणास ठाऊक, उघडलं की नाक मुरडावं असा वास. तेच बाटलीत ओतलं. नवा चुना संपला होता, म्हणून आत्याबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना विरवला. आणि उजवा-डावा काही न पाहता दोन्ही हातांनी बाटली धरून धुणं आपटावं तशी हलवली.

जुळलं. पुरते दोन श्वाससुद्धा लागले नसतील. बाटलीच्या काचेला आतून दाट पांढरं लागलं आणि ते खाली बसेचना.

मी बाटली हातात धरून चुलीपाशी बसून राहिले. तेल बदललं होतं, चुना बदलला होता, हात बदलले होते. तिन्ही एकदमच बदलल्यावर कशानं जुळलं ते कसं कळणार? पुष्कळ वर्षांनी वर्ध्याला राहायला गेल्यावर शेजारच्या साबण करणाऱ्या एका बाईंनी मला समजावून सांगितलं: तेल शिळं झालं की आतून आंबतं, त्या आंबटपणाला चुना धरतो, दोघांचा मिळून थोडासा साबण तयार होतो, आणि तो साबण एकीकडून तेलाला आणि दुसरीकडून पाण्याला धरून ठेवतो. ताजं तेल गोडं असतं, त्यात चुन्याला धरायला फारसं काही नसतं. म्हणजे नवरा आईच्या प्रेमापोटी जितकं चांगलं तेल आणत होते, तितकं पांढरं बिघडत होतं. आत्याबाई नेहमी बुडाचं, उरलेलं तेल घ्यायच्या, काटकसर म्हणून. मला ते पटलं. पण बाटलीपुरतंच पटलं. त्या दिवशी चुलीपाशी बसलेल्या मला कुणी हे सांगितलं असतं तरी मी घाबरलेच असते.

ओसरीवरून आवाज आला, "जुळलं का वं?"

मी म्हटलं, "नाई, आत्याबाई."

म्होरकीला मी खुणेनं मागच्या दारी बोलावलं आणि तिच्या हाताला पांढरं चोळून दिलं. तिनं बोटं उघडमीट केली. मी ओठांवर बोट ठेवलं. ती काय समजली कोण जाणे, पण तिनं मान हलवली. त्या दिवसापासून बाया मागच्या दारानं यायच्या, कडी हळूच काढायच्या आणि तळहातावर पांढरं घेऊन जायच्या. पुढच्या अंगणातून जाताना त्या आत्याबाईंना विचारायच्या, "बरं हाये न, माय?" पांढऱ्याचं नाव कुणी काढत नसे. हे सगळं करताना मला आपण शहाण्या आहोत असं वाटायचं आणि लगेच आपण अगदीच मूर्ख आहोत असंही वाटायचं. जुळल्यावर लपवून काय होणार होतं? गुण जायचा तर तो तेव्हाच गेला असेल ना? की आत्याबाईंना कळेपर्यंत तो थांबतो? असल्या गोष्टींचे नियम विचारायला एकच माणूस होतं, आणि नेमकं त्यांनाच विचारता येत नव्हतं.

आत्याबाईंचा डावा हात थंडीनं कोरडा पडला होता. कातडी पांढरट व्हायची, बोटांच्या सांध्यांवर चिरा पडायच्या. रोज सकाळी मी त्यांना चोळून द्यायची. पांढरं घरात होतं, आणि मी त्यांना नुसतं तेल लावायची. कारण पांढरं लावलं तर कळणार. त्या गुपचूप हात देत. तेल चिकट होऊन बसायचं, पांघरुणाला लागायचं, चिरा तशाच राहायच्या. गावातल्या सगळ्या हातांना औषध होतं आणि ज्या हातानं ते गावाला दिलं, त्यालाच तेवढं नव्हतं. मला हे दिसत होतं. रोज दिसत होतं, आणि रोज मी तेलाचीच वाटी घेऊन जात होते.

आत्याबाईंनी हळूहळू विचारणं कमी केलं. मग थांबवलं. मी मनात म्हटलं, विसरल्या. संक्रांत जवळ आली होती. ओसरीवरचा कापसाचा ढीग छताला लागायला आला होता, आणि त्या पडल्या पडल्या उजवा हात त्यावरून फिरवत असायच्या. मला वाटे, वेळ जात नाही म्हणून.

एका सकाळी मी वाटी घेऊन बाजेपाशी बसले. आत्याबाईंनी माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं. कापूस होता, दोन मुठी. एक जुना, ढिगाच्या तळातून ओढून काढलेला, वाळलेल्या रक्ताचे ठिपके असलेला. दुसरा वरचा, स्वच्छ.

"हा कार्तिकातला," त्या म्हणाल्या. "अन् हा आताचा. थंडी वाढली अन् रक्त कमी झालं. कसं काय वं?"

मी मान खाली घातली.

"बाटलीतलं लाव," त्या म्हणाल्या. "तेल बस झालं. पांघरूण खराब होऊन राह्यलं माह्यं."

"आत्याबाई, नाई जुळलं," मी म्हटलं.

"लाव म्हटलं न."

मी आत जाऊन बाटली आणली. बूच काही केल्या निघेना. शेवटी आत्याबाईंनी बाटली आपल्या उजव्या काखेत धरली आणि मी बूच ओढलं. त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि पांढरं लावायला लागले. सांध्यांवर, चिरांमध्ये, नखांच्या मुळाशी. ते जिरत गेलं. आत्याबाई टक लावून पाहत होत्या. त्या हाताला काही कळत नव्हतं, पण पाहणं त्यांनी सोडलं नाही. मी मनातल्या मनात देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं की मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसले होते.

"पातळ झालं," आत्याबाई म्हणाल्या. "चुना नीट निवळू दिला नाईस."

मला रडू कोसळलं. हातातला हात तसाच धरून मी रडत राहिले. त्यांनी मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. तेवढ्यात मागच्या दारची कडी हळूच वाजली. बाया आल्या होत्या.

आत्याबाईंनी आवाज ऐकला आणि उजव्या हातानं पदर डोक्यावर नीट घेतला.

"पुढच्या दारानं बोलाव त्याइले," त्या म्हणाल्या. "मी मेली नाई अजून."